तीन पिना, दोन वायरी: परळच्या चाळीतल्या एका किटलीचं प्रकरण

परळमधली जुनी चाळ, दुसरा मजला. दहा बाय बाराची खोली आणि तिला लागून स्वयंपाकघर. ओट्याच्या डाव्या टोकाला मोरी, उजव्या बाजूला भिंतीवर जुना स्विचबोर्ड. मोरीच्या कट्ट्यापासून ओट्यावरच्या वस्तूंपर्यंतचं अंतर जेमतेम दोन हात. घरात माणसं चार: आजी, मुलगा, सून आणि सहावीतला नातू.

किटली साडेचारशे रुपयांची, स्टीलच्या अंगाची, दोन लिटरची. स्टेशनबाहेर फुटपाथवर घेतलेली, बिल नाही. खोक्यावर '१५०० वॉट', 'सीई' आणि 'आयएसओ ९००१' असं छापलेलं. किटली भिंतीत थेट लावत नसत. भिंतीतल्या पाच अँपिअरच्या सॉकेटमध्ये एक्स्टेन्शन बोर्ड आणि त्या बोर्डावर किटली, सँडविच टोस्टर, मिक्सर अशी तिन्ही. सकाळी डबे, चहा आणि वाटण एकाच वेळी असल्यामुळे तिन्ही एकाच वेळी चालू.

जुलैचा दुसरा आठवडा, सकाळचे पावणेसात, म्हणजे पाण्याची वेळ. पिंप भरत होतं, मोरी ओसंडत होती आणि घरातल्या सूनबाई, म्हणजे वहिनी, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या होत्या. स्वयंपाकघरात चप्पल घालायची पद्धत आपल्याकडे नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवं. किटली काही आठवड्यांपासून आपोआप बंद होत नव्हती. बटण हातानेच वर करावं लागे, म्हणून त्यांनी मोरीतूनच हात लांब केला. हँडल प्लॅस्टिकचं होतं, पण बोटांची पाठ स्टीलला लागली. कोपरापर्यंत झणका बसला आणि हात आपसूक मागे आला. त्याआधीच्या आठवड्यात दोनदा नुसत्या झिणझिण्या आल्या होत्या. 'पावसाळ्यात येतात कधीकधी' म्हणून सोडून दिल्या होत्या.

दुपारी शेजारचा मुलगा टेस्टर घेऊन आला. किटली लावून टेस्टर अंगाला टेकवला, दिवा लागला नाही. किटली बरी आहे असं ठरलं आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ओट्यावर आली. दोन दिवसांनी स्वयंपाकघरात मासळीसारखा वास येऊ लागला. पावसाळ्यात चाळीत सुक्या बोंबलाचा वास कुणाला नवा नाही, त्यामुळे तासभर कुणी लक्ष दिलं नाही. मग भिंतीतला एक्स्टेन्शनचा टॉप (प्लग) काढायला गेल्यावर तो हाताला चटका देण्याइतका तापलेला निघाला. एक पिन काळी पडली होती, सॉकेटचं भोक वितळून वेडंवाकडं झालं होतं. वीज जोडणीच्या अनेक बटणांत आणि सॉकेटांत वापरलं जाणारं प्लॅस्टिक फार तापलं की असाच मासळीसारखा वास सोडतं. घरात मासळी आणलेली नसताना हा वास आला, तर आधी स्विचबोर्डांवरून हात फिरवावा.

तेव्हा परवानाधारक वायरमनला बोलावलं. त्याने दारातूनच सांगितलं, "वहिनी, आधी मेन बंद करा, मग बोलू."

"अहो दादा, पण टेस्टर लागला नव्हता. किटलीत काही नाही म्हणाला तो."

"तो दुपारी बघून गेला. तुम्हाला शॉक सकाळी बसला. मधे किटली वाळली."

पुढच्या तीन तासांत जे सापडलं त्याचा सारांश या तीन वाक्यांत आहे. तपशील मात्र सगळा पाहण्यासारखा आहे, कारण या घरात बिघाड एकाच वस्तूत नव्हता.

किटली उघडल्यावर

सुरुवात किटलीच्या टॉपपासून. टॉपला तीन पिना होत्या, वरची जाड पिन ऐटीत. पण मल्टिमीटरची एक काडी त्या जाड पिनेला आणि दुसरी किटलीच्या स्टीलला लावली, तर काहीच जोड दिसेना. वायर सोलली तर आत दोनच तारा, तपकिरी आणि निळी. हिरवी-पिवळी नाहीच. जाड पिन टॉपच्या आत कशालाही जोडलेली नव्हती. ती फक्त सॉकेटचं झाकण उघडण्यासाठी आणि गिऱ्हाइकाला दिसण्यासाठी होती.

धातूचं अंग असलेल्या, पाणी तापवणाऱ्या उपकरणाला अर्थ, म्हणजे जमिनीशी जोड, लागतोच. कॉईलमधून करंट अंगावर उतरला, तर त्याला जमिनीत जायला माणसाच्या शरीरापेक्षा सोपी वाट मिळावी, एवढंच त्या तिसऱ्या तारेचं काम. ती नसेल तर वाट माणूस होतो. इथे एक गैरसमज टाळायला हवा. दोन पिनांची प्रत्येक वस्तू वाईट नसते. हँड ब्लेंडरसारख्या वस्तूंवर एका चौकोनात दुसरा चौकोन असं चिन्ह असतं. त्याचा अर्थ इन्सुलेशन दुहेरी आहे, अर्थची गरज नाही. वस्तूचं अंग स्टीलचं, त्यावर हे चिन्ह नाही आणि वायर दोन तारांची, असं तिन्ही जुळून आलं की ती वस्तू घरात घेऊ नये. आणि टॉप तीन पिनांचा, वायर दोन तारांची, हा प्रकार उघड्या दोन पिनांपेक्षा वाईट, कारण तो बघणाऱ्याला निर्धास्त करतो.

वायर आतून तांब्याच्या रंगाची दिसत होती. ब्लेडने एक तार खरवडली तर खाली चंदेरी. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमचा करंटला होणारा विरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, आणि स्क्रूखाली दाबलं की ते हळूहळू चपटं होत जोड सैल करतं. जाडी ओळखायची सोपी रीत म्हणजे बारीक तारा मोजणं. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.२ मिलिमीटरच्या २४ तारा असतात, ०.५ च्या वायरीत १६. या किटलीच्या वायरीत १६ निघाल्या, त्याही मुलाम्याच्या.

कॉईलचा विरोध मोजला, ३६ ओहम. २३० व्होल्टवर याचे साधारण १४७० वॉट होतात. म्हणजे खोक्यावरचा आकडा खरा होता आणि किटली ६.४ अँपिअर ओढत होती. टॉप मात्र ६ अँपिअरचा. पंधराशे वॉटची वस्तू आणि सहा अँपिअरचा टॉप ही जोडीच चुकीची आहे. ती दुकानात, खोकं न उघडता, नुसता भागाकार करून पकडता येते: वॉटला २३० ने भागा, उत्तर सहाच्या जवळ किंवा पुढे गेलं तर जाड पिनांचा, १६ अँपिअरचा टॉप हवा.

मग बूड खोललं. तापपट्टीच्या कडेला अर्थची वायर लावण्यासाठी पत्र्याची एक छोटी जीभ वेल्ड केलेली होती. तिला काहीही जोडलेलं नव्हतं. किटली जिच्यावर बसते त्या बैठकीच्या कनेक्टरातही तिसऱ्या संपर्काची जागा होती आणि तीही रिकामी. साचा तीन तारांसाठी बनवलेला आणि माल दोन तारांत उरकलेला. एवढ्यावरून कळतं की वाचवले गेले ते वायरीचे पैसे. किटली कोरडी पडल्यावर जळून करंट कायमचा तोडणारा थर्मल फ्यूज नव्हताच. एक बायमेटलची, म्हणजे दोन धातू एकत्र चिकटवलेली, चकती मात्र होती.

किटली आपोआप बंद का होत नव्हती, याचं उत्तर झाकणात होतं. पाणी उकळलं की वाफ हँडलमधल्या छोट्या वाटेने बायमेटलपर्यंत जाते, चकती तापून वळते आणि बटण टक्कन वर येतं. या किटलीच्या झाकणाची बिजागरी तिसऱ्या महिन्यात मोडली होती. झाकण एका बाजूने उघडंच राही, वाफ तिथून निसटे आणि चकतीपर्यंत पोचतच नसे. अशा वेळी क्षार साठल्याची शंका सगळे आधी घेतात. पण मुंबईचं तलावांचं पाणी बरंच मऊ असतं, टँकर किंवा बोअरिंगच्या पाण्यावरच्या इमारतींत साठतो तसा थर इथे नव्हता. बिघाड प्लॅस्टिकच्या एका खिळीएवढ्या तुकड्याचा होता.

त्या तुकड्याने पुढे काय केलं ते असं. दीड लिटर पाणी २७ अंशांवरून उकळीला यायला या किटलीला साडेपाच-सहा मिनिटं पुरतात. बटण वर येत नसल्यामुळे ती रोज दहा-दहा मिनिटं खदखदत राही. उकळी कडेवरून सांडे, पाणी अंगावरून ओघळून बुडाच्या फटीतून आत जाई. कॉईल म्हणजे धातूच्या नळीत निक्रोमची तार, आणि तार नळीला लागू नये म्हणून मधे मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली. ही भुकटी कोरडी असेल तर उत्तम इन्सुलेटर, पण ती ओल शोषते. नळीची दोन्ही टोकं चांगल्या सीलने बंद असली पाहिजेत. या नळीच्या टोकांवर राखाडी गोंदासारखं काहीतरी लावलेलं होतं आणि ते तडकलं होतं. त्यात जुलैची मुंबईची हवा. भुकटीत ओल शिरली आणि करंट तारेतून नळीवर, नळीवरून स्टीलच्या अंगावर झिरपायला लागला.

हे अंदाजाने ठरवलं नाही. इन्सुलेशनचा विरोध मोजणाऱ्या ५०० व्होल्टच्या मेगरने किटली दोनदा तपासली. पाणी उकळून सांडवल्यावर लगेच: ०.०४ मेगओहम. दोन तास पंख्याखाली आणि कॉईलला थोडी ऊब देऊन वाळवल्यावर: १८ मेगओहम. तीच किटली, तोच दिवस. ०.०४ मेगओहम म्हणजे ४०,००० ओहम. २३० व्होल्टवर यातून जास्तीत जास्त पावणेसहा मिलीअँपिअर वाहू शकतो. आयएस ३०२ या भारतीय मानकात अर्थ असलेल्या, हातात धरून हलवायच्या उपकरणाची गळती ०.७५ मिलीअँपिअरच्या आत असायला हवी. ही सातपटीहून अधिक निघाली.

पावणेसहा मिलीअँपिअरने सहसा जीव जात नाही, झणका बसतो. माणसाला साधारण अर्ध्या मिलीअँपिअरपासून झिणझिण्या कळतात. दहाच्या आसपास स्नायू आखडून पकडलेली वस्तू सोडवत नाही. तीसच्या पुढे, करंट काही क्षण टिकला, तर हृदयाला धोका सुरू होतो. पण ओल वाढत गेली की विरोध ४०,००० वर थांबत नाही. तो ५,००० वर आला की हिशोब थेट धोक्याच्या पट्ट्यात जातो. वहिनींना आठवड्यात तीनदा झालेला त्रास म्हणजे विरोध उतरत असल्याचीच खूण होती: आधी दोनदा झिणझिण्या, मग झणका.

टेस्टर का लागला नाही हेही आता उघड आहे. दुपारपर्यंत किटली वाळली होती. टेस्टरमधल्या निऑनच्या दिव्याला अगदी नगण्य करंट पुरतो, त्यामुळे तो कधी निरुपद्रवी गळतीवरही लागतो, आणि तपासणारा प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभा असेल तर खऱ्या धोक्यावरही लागत नाही. टेस्टरने फेज, म्हणजे करंट आणणारी तार, कुठे आहे ते बघावं. वस्तू सुरक्षित आहे का, हा प्रश्न त्याला विचारू नये.

किटली काढली, तरीही

इथपर्यंत प्रकरण सोपं वाटत होतं. किटली बाजूला ठेवली, मेन चालू केला आणि आजींनी सहज सांगितलं की फ्रिजच्या दारालाही कधीकधी मुंग्या येतात. ओल्या हाताने हँडल धरलं की जास्त. फ्रिज नामांकित कंपनीचा, तीन तारांची वायर, अर्थची पिन अंगाला नीट जोडलेली. तरी मीटर लावल्यावर फ्रिजच्या पत्र्यावर शंभराच्या वर व्होल्ट.

भिंतीतल्या सॉकेटवर तीन मोजमापं घेतली. फेज आणि न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, यांच्यामधे २३१ व्होल्ट, ठीक. फेज आणि अर्थमधे २३१ च्या आसपास यायला हवे होते, आले १२४. न्यूट्रल आणि अर्थमधे दोन-चार व्होल्टच्या वर असू नयेत, होते १०७. अर्थच्या पिनेला मागे वायर होती. ती वायर जमिनीपर्यंत पोचत नव्हती, एवढाच याचा अर्थ.

शोध घेतल्यावर ती वायर मोरीमागच्या पाण्याच्या पाइपाला क्लिपने बांधलेली सापडली. जुन्या चाळींत ही पद्धत सर्रास होती. लोखंडी पाइप जमिनीत जाई, त्यामुळे काम भागे. दोन वर्षांपूर्वी चाळीची पाइपलाइन बदलून प्लॅस्टिकची केली. प्लंबरने क्लिप जपून पुन्हा नव्या पाइपावर बसवली. प्लॅस्टिकच्या पाइपावर अर्थची क्लिप, स्क्रू घट्ट आवळलेला. पाइप बदलणाऱ्याला विजेचं कळत नाही आणि वायरमनला पाइप बदलल्याचं कुणी सांगत नाही. या दोघांच्या मधल्या फटीत मुंबईतल्या किती खोल्यांचा अर्थ गेला असेल, हा विचार अस्वस्थ करतो.

याहून वाईट म्हणजे त्या क्लिपपर्यंत येणारी वायर एकट्या या खोलीची नव्हती. गॅलरीतून चार खोल्यांच्या अर्थच्या वायरी एकमेकींना जोडत आणलेल्या होत्या. जमिनीला न लागलेली, पण चार घरांतल्या सगळ्या पत्र्यांना जोडणारी एक तार. वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, टीव्ही यांच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेजकडून आणि न्यूट्रलकडून अर्थला जोडलेले असतात. अर्थ हवेत असेल तर ते त्या तारेवर साधारण निम्मं व्होल्टेज आणून ठेवतात. हे १२४ आणि १०७ तसलेच आकडे होते. शेजारच्या खोलीतलं वॉशिंग मशीन बंद करून टॉप काढायला लावला तेव्हा फ्रिजवरच्या मुंग्या जवळपास थांबल्या. शेजारच्या घरची गळती या घरच्या फ्रिजच्या दारावर येत होती. उद्या त्या चारपैकी कुठल्याही खोलीत एखाद्या वस्तूची फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली असती, तर चारही घरांतली फ्रिजची दारं २३० व्होल्टची झाली असती आणि एकही एमसीबी, म्हणजे जादा करंटवर आपोआप पडणारा स्विच, पडली नसती.

म्हणजे किटलीला तीन तारांची वायर असती, तरी या घरात ती अर्थ झाली नसती. आणि घरात उत्तम अर्थ असता, तरी या किटलीपर्यंत तो पोचला नसता.

जळलेला टॉप

किटली ६.४ अँपिअर, ७५० वॉटचा टोस्टर ३.३, मिक्सर सव्वादोनच्या आसपास. बेरीज बारा अँपिअर. तीन मीटरच्या एक्स्टेन्शनची वायर सोलली तर ०.१५ मिलिमीटरच्या १४ तारा, म्हणजे पाव चौरस मिलिमीटर. किमान ०.७५ हवी होती, आणि या भाराला खरं तर १.५. जाऊन-येऊन सहा मीटर तारेचा विरोध ०.४२ ओहम. बारा अँपिअरला त्या वायरीत साठ वॉट उष्णता तयार होते. ओट्यामागे गुंडाळून ठेवलेल्या वायरीत साठ वॉट. वरचं पीव्हीसी साधारण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं.

तरी जळला तो टॉप, कारण सैल जोड वायरीपेक्षा वाईट. भिंतीतल्या सॉकेटच्या पितळी पट्ट्या पसरल्या होत्या. अशा सैल जोडाचा विरोध एक दशांश ओहम धरला, तर बारा अँपिअरला तिथे १४ वॉट. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. पिन तापते, पट्टीची स्प्रिंग आणखी ढिली पडते, विरोध वाढतो, पिन आणखी तापते.

"मग एमसीबी का पडली नाही?" हा प्रश्न घरातल्या मुलाने विचारला आणि तो सगळीकडे विचारला जातो. घरात एकच १६ अँपिअरची एमसीबी होती. ती १६ च्या थोड्या वरपर्यंत मुद्दाम पडत नाही. नियमाने बघितलं तर दीडपटीच्या जवळ, म्हणजे २३ अँपिअर वाहिले की तासाभराच्या आत पडायला हवी. बारा अँपिअर तिच्या दृष्टीने शांत दिवस. एमसीबी भिंतीतल्या वायरीसाठी असते, पाच अँपिअरचा सॉकेट किंवा बाजारातला एक्स्टेन्शन तिला दिसत नाही. आणि माणसातून जाणारे पाच-पन्नास मिलीअँपिअर तर तिला कधीच दिसत नाहीत. त्यासाठी आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून पडणारा स्विच, लागते. ती घरात नव्हती.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने झाली

पहिलं काम त्याच दिवशी: गॅलरीतल्या त्या एकत्र वायरीपासून या खोलीची वायर तोडली आणि चारही घरांत सांगितलं. काही वायरमन अशा वेळी सॉकेटमधला अर्थ न्यूट्रलला जोडून देतात. झिणझिण्या लगेच थांबतात, गिऱ्हाईक खूश होतं. पण पुढे कधी न्यूट्रल तुटली की सगळ्या वस्तूंची अंगं थेट २३० व्होल्टवर येतात. असं करून देणाऱ्याला पैसे देऊ नयेत आणि तसं केलेलं असेल तर आजच काढावं. मीटरवर न्यूट्रल आणि अर्थमधे, भार चालू असतानाही, अगदी शून्य व्होल्ट येत असतील तर हा संशय घ्यावा.

दुसरं काम आरसीसीबी. दोन पोलची, २५ अँपिअर, ३० मिलीअँपिअर. बसवल्याबरोबर पडली. पुन्हा चढवली, पुन्हा पडली. एकेक वस्तू काढून बघितली तरी पडतच होती. शेवटी कळलं की गॅलरीतल्या दिव्याची फेज चाळीच्या कॉमन मीटरवरून आणि न्यूट्रल मात्र या खोलीतून घेतलेली होती. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट जुळवून बघते. बाहेरच्या दिव्याचा करंट फक्त परतीच्या वाटेने येत असल्यामुळे तिचा हिशोब जुळत नव्हता. अशा वेळी 'आरसीसीबी आमच्याकडे चालत नाही' म्हणून ती काढून टाकली जाते. इथे दिव्याची न्यूट्रल वेगळी केली आणि आरसीसीबी पडायची थांबली. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, हे कॅलेंडरवर लिहून दिलं.

अर्थ नसतानाही आरसीसीबी माणसाला बरंच वाचवते, फक्त ती पडायला आधी माणसातूनच करंट जावा लागतो. खरा अर्थ असेल तर वस्तू बिघडल्या क्षणी, कुणी हात लावण्याआधी पडते. म्हणून तिसरं काम अर्थचं, आणि ते चार खोल्यांनी मिळून केलं. तळमजल्याच्या मीटरच्या खोलीतल्या अर्थपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत ४ चौरस मिलिमीटरची हिरवी तांब्याची वायर, प्रत्येक खोलीला वेगळा फाटा. जोड गॅलरीत पिळून नाही, डब्यातल्या पट्टीवर लग लावून. मीटरच्या खोलीतलं अर्थ टर्मिनल जागेवर आहे का आणि चांगलं आहे का, ते वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीकडून तपासून घ्यायचं असतं. काम झाल्यावर फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट.

चौथं, ओट्यावर १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट. मेनपासून वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची वायर, वेगळी १६ ची एमसीबी. जागा ओट्याच्या उजव्या टोकाला, मोरीत उभं राहून हात पोचणार नाही अशी. जुन्या बोर्डाची १/१८ ची, म्हणजे १८ गेजच्या एकाच तारेची, वायर तशीच ठेवली, पण तिच्यावरची १६ ची एमसीबी काढून ६ ची बसवली. आता टोस्टर आणि मिक्सर एकत्र चालवले तर चालतं, तिसरी वस्तू लावली की पडते. घरात दोन दिवस कुरकुर झाली. पडायलाच हवी, म्हणूनच ती बसवली.

चार घरांच्या खर्चाच्या बोलण्यात एक प्रश्न आला तो इथे नोंदवतो: सगळं एकदम जमत नसेल तर आधी काय? आमचं मत स्पष्ट आहे. नवी किटली नंतर. पाणी गॅसवर तापतं. दीड ते अडीच हजारांची आरसीसीबी आधी बसवावी, कारण ती आजच्या आणि उद्या येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर लक्ष ठेवते.

नवी किटली घेताना

दुकानात काय बघितलं ते थोडक्यात. वायर तीन तारांची आणि टॉप १६ अँपिअरचा. दुकानदाराच्या मीटरवर जाड पिन आणि किटलीचं उघडं स्टील यांच्यातला विरोध अर्ध्या ओहमच्या आत. ही तपासणी टॉप सॉकेटमध्ये न लावता होते आणि तिला अर्धा मिनिट लागतो. लोहार चाळीतला कुठलाही विजेचं सामान विकणारा ती करून देऊ शकतो, फक्त मागावी लागते. झाकण दहा वेळा उघडून मिटवून बघितलं. घरी आणल्यावर पहिल्या उकळीला बटण आपोआप वर येतं का ते घड्याळ लावून बघितलं.

आयएसआय चिन्ह कसं वाचायचं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चिन्हाच्या वर आयएस आणि मानकाचा क्रमांक, खाली सीएम/एल आणि परवान्याचा क्रमांक असावा लागतो. खालचा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, कोणत्या वस्तूचा, चालू आहे की नाही, ते दिसतं. क्रमांक पंख्याचा आणि चिन्ह किटलीवर, असंही निघू शकतं, म्हणून वस्तूचं नाव वाचावं. 'सीई' ही युरोपातल्या बाजारासाठी उत्पादकाने स्वतः केलेली घोषणा असते, तिचा इथल्या तपासणीशी संबंध नाही. 'आयएसओ ९००१' कारखान्याच्या कारभाराबद्दल असतं, किटलीबद्दल नाही. खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल, तर पुढचं काही बघायची गरज नाही.

स्टील कोणत्या ग्रेडचं, हे चुंबकाने ठरवायला जाऊ नये. ३०४ आणि हलकं २०२, दोन्हींना चुंबक चिकटत नाही.

बिल घ्यावं. जुन्या किटलीची तक्रार करायचं घरात ठरलं होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूने इजा झाली तर उत्पादक आणि काही परिस्थितीत विक्रेताही जबाबदार धरता येतो, आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. पण बिल नाही, खोक्यावर पत्ता नाही, विकणारा रोज त्या जागेवर बसतोच असं नाही. तक्रार कुणाविरुद्ध लिहायची इथेच काम थांबलं.

किटली दुरुस्त करता आली असती का, हेही वायरमनला विचारलं गेलं. तीन तारांची वायर, बैठकीचा कनेक्टर, नळीची नवी सीलं, झाकण. एवढं केल्यावर खर्च नव्या किटलीच्या जवळ जातो आणि नळीतली ओल खात्रीने गेली असं कुणी सांगू शकत नाही. म्हणून टाकायचं ठरलं. ती तशीच जिन्याखालच्या डब्याशी ठेवायला नातू निघाला होता. वायरमनने त्याला थांबवलं, पक्कड घेतली, वायर बैठकीच्या अगदी मुळाशी तोडली आणि टॉपच्या तिन्ही पिना वाकवल्या. धड दिसणारी किटली डब्याजवळ संध्याकाळपर्यंत राहत नाही. कुणीतरी ती पुसून, झाकणाला रबर लावून, दुसऱ्या कुठल्या तरी मोरीशेजारी ठेवतं.